जीव वाचला, माणूस परत आणायचा राहिला

उसाचा हंगाम ऐन भरात असतो. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीच्या रस्त्यांवर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. मागे दिवा नसलेली एखादी ट्रॉली रस्त्याच्या कडेला टायर फुटून उभी असते. बाजार उरकून घरी निघालेल्या तरुणाचे डोळे समोरच्या गाडीच्या झोताने क्षणभर दिपतात आणि त्याची मोटारसायकल त्या ट्रॉलीवर जाऊन आदळते. डोक्यावर हेल्मेट नसते. कुणी माळवदावरून पडतो, कुणी चिंचा पाडताना झाडावरून घसरतो, कुणाला बैल उडवतो. कारणे निरनिराळी, पण पुढची धावपळ तीच. आधी परभणी, मग डोक्याचा सी.टी. स्कॅन, मग ‘पुढे न्या’ असा सल्ला, आणि मग रात्रीच्या अंधारात नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने सुटलेली गाडी.

पंधरा दिवस, महिना अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून काढलेला असतो. सोने मोडलेले असते, एखादा एकर गहाण पडलेला असतो. आणि एक दिवस तो तरुण आपल्या पायांनी चालत घरी येतो. आई भाकरतुकडा ओवाळून टाकते. सारे गाव म्हणते, देवानेच वाचवले.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण सहा महिन्यांनी त्याच घरात डोकावले तर काय दिसते? तो ओट्यावर बसून असतो. शेतात जायचे नाव काढत नाही. दुपारीही झोपतो, रात्रीही झोपतो. बोलायला गेले तर चिडतो, नाहीतर नुसता बघत राहतो. भर उन्हाळ्यात त्याला अंगावर पांघरूण लागते. वडील म्हणतात, आळशी झाला. शेजारी म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. एखादी म्हातारी म्हणते, बाहेरचे काही आहे, दाखवून आणा. त्याची बायको काहीच म्हणत नाही. जीव वाचला, पण घरातून उठून गेलेला माणूस काही परत आलेला नाही, हे तिला सर्वांच्या आधी कळलेले असते.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. असे घर ठाऊक नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात शोधावे लागेल. या ‘आळसा’मागे काही वेळा मेंदूच्या तळाशी असलेली एक छोटीशी ग्रंथी असते आणि तिच्या बिघाडावर औषध आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्या घरांपर्यंत पोहोचली आहे. आजचा हा लेख त्यासाठी. पण ती गोष्ट नीट समजायची तर आधी दुसरी एक गोष्ट सांगावी लागते. ती आहे पहिल्या रात्रीच्या इंजेक्शनांची.

‘भारीतले इंजेक्शन द्या’

अपघाताच्या रात्री नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य असते. ‘डॉक्टरसाहेब, पैशाकडे पाहू नका, भारीतले इंजेक्शन द्या.’ त्यात चूक काही नाही. समोर आपला माणूस निपचित पडलेला असताना हात बांधून कोण बसेल? मेंदूला मार लागला की त्याला सूज येते. कवटी हाडाची, तिला ताणण्याची सोय नाही. सुजलेला मेंदू आतल्या आत दाबला जातो आणि जी इजा पहिल्या धक्क्याने झाली नाही ती या दाबाने होते. तेव्हा सूज उतरवणारे औषध द्यावे, हा विचार अगदी सरळ होता.

असे औषध डॉक्टरांच्या हाताशी होतेही. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार करतात, त्याच्याच घराण्यातली ही औषधे. सगळे जग त्यांना स्टिरॉईड म्हणून ओळखते. दम्याच्या रुग्णांना ती ठाऊक असतात. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज या औषधांनी झपाट्याने उतरते, हा अनुभव १९६० च्या दशकापासूनचा आहे. गाठीची सूज उतरते तर माराची का उतरू नये? या तर्कावर जगभरच्या रुग्णालयांत कित्येक वर्षे डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉईडची इंजेक्शने दिली गेली.

तर्क सरळ होता. पण सरळ तर्क खरा असतोच असे नाही. तो पारखावा लागतो.

तुल्य वाणाची कसोटी

ही पारख कशी करतात हे परभणीकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आपल्या गावात आहे. ‘परभणी क्रांती’ या भेंडीने परभणीचे नाव दूरवरच्या शेतकऱ्यांपर्यंत नेले. नवा वाण आला की विद्यापीठ तो लगेच शेतकऱ्याच्या हाती देत नाही. शेजारी-शेजारी वाफे आखले जातात. काहींत नवा वाण, काहींत जुना, ज्याला ‘तुल्य वाण’ म्हणतात. कोणत्या वाफ्यात काय पेरायचे हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोपवतात, नाहीतर चांगली जमीन आपल्या आवडत्या वाणाला देण्याचा मोह होतो. आणि हा प्रयोग एका ठिकाणी, एका हंगामात करून भागत नाही. एखाद्या वर्षीच्या पावसाचे श्रेय वाणाला जायला नको.

औषधाची पारखही अशीच. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले द्रव. कुणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. बाकीचे सर्व उपचार दोघांना सारखेच.

१९९९ साली लंडनच्या संशोधकांच्या पुढाकाराने स्टिरॉईडची अशी प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. ‘क्रॅश’ हे तिचे नाव. वीस हजार रुग्णांवर ती करायची ठरली होती. भारतासह ४९ देशांतली २३९ रुग्णालये तीत सामील झाली. पण २००४ च्या मे महिन्यात, १०,००८ रुग्ण झाले असताना, ती मध्येच थांबवावी लागली. कारण काय, तर औषध न मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत शेकडा १७.९ रुग्ण दगावले होते आणि औषध मिळालेल्यांपैकी शेकडा २१.१. जे औषध जीव वाचवण्यासाठी दिले जात होते, ते शंभरात तीन जीव जास्त घेत होते! खाटेशेजारी उभ्या असलेल्या एकट्या डॉक्टरला हा फरक कधीच दिसला नसता. शंभरात अठरा गेले काय आणि एकवीस गेले काय, डोळ्यांना दोन्ही सारखेच. दहा हजारांचा हिशेब मांडला तेव्हाच तो दिसला. गंभीर मारात मेंदूसाठी म्हणून मोठ्या मात्रेचे स्टिरॉईड देऊ नये, हा नियम त्यानंतर पक्का झाला.

उंदीर बरे झाले, पण…

दुसरी आशा आणखी लोभस होती. अमेरिकेतले संशोधक डोनाल्ड स्टाइन यांच्या लक्षात आले की मेंदूला इजा झालेल्या उंदरांत काही माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात. शोध घेता घेता ते प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापर्यंत पोहोचले. गर्भ टिकून राहावा म्हणून स्त्रीच्या शरीरात जे तयार होते आणि गर्भपाताचा धोका असताना डॉक्टर काही वेळा ज्याच्या गोळ्या देतात, तेच हे. गर्भाला सांभाळणारे संप्रेरक जखमी मेंदूलाही सांभाळत असेल, ही कल्पनाच मनाला भिडणारी होती. उंदरांत सूज कमी झाली, पेशी वाचल्या. २००७ साली शंभर रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात औषध मिळालेल्यांतले मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. चीनमधल्या आणखी एका प्रयोगानेही २००८ साली तसाच कौल दिला. आता औषध सापडलेच, असे वाटू लागले.

मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ रुग्ण, दुसरीत जवळजवळ बाराशे. दोन्हींचे निष्कर्ष डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ५१ जण चांगल्या रीतीने सावरले आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा ५५.५. दुसरीत दोन्हीकडे जवळजवळ बरोबरी, शेकडा ५०.४ आणि ५०.५. म्हणजे फायदा काहीच नाही. मूत्रपिंडात तयार होणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या आणखी एका संप्रेरकाची ६०६ रुग्णांवरची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यानेही रुग्णांचे पांगळेपण कमी झाले नाही.

असे का व्हावे? प्रयोगशाळेतल्या उंदराला ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराचा मार दिलेला असतो आणि औषध ठरलेल्या मिनिटाला मिळते. माणसाचे तसे नसते. एकाच्या मेंदूत रक्त साकळलेले, दुसऱ्याचे बारीक तंतू पिळवटून तुटलेले, तिसऱ्याचा श्वास वाटेत अडखळलेला. एकाच सलाईनने या साऱ्यांची दुरुस्ती होईल ही अपेक्षाच मोठी होती.

तेव्हा वाचकांनी यातून एवढे लक्षात ठेवावे. मार लागल्या रात्री मेंदू दुरुस्त करणारे संप्रेरकाचे कोणतेही ‘भारी’ इंजेक्शन आज सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी ते दिले नाही म्हणून आपला माणूस वंचित राहिला, असे मुळीच नाही. अशा इंजेक्शनापायी बैलजोडी विकायची गरज नाही.

हरभऱ्याएवढी ग्रंथी

पण संप्रेरकांची कथा इथे संपत नाही. खरे म्हणजे आपल्या ओट्यावर बसलेल्या तरुणापुरती ती इथून सुरू होते.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळाच्या मागच्या बाजूला, कवटीच्या हाडात एक खळगा आहे. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून शरीरशास्त्राने त्याला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव दिले आहे. त्या खळग्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी एका नाजूक देठाने मेंदूला लटकलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हणतात, डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणारी मुकादम हीच. गळ्यातली थायरॉईड, मूत्रपिंडांवरची अधिवृक्क, स्त्री-पुरुषांच्या प्रजननग्रंथी, मुलांची वाढ, लघवीचे प्रमाण, या साऱ्यांचे हुकूम इथून सुटतात.

डोके जोरात आदळले की मेंदू कवटीत हिसकतो आणि तो देठ ताणला जातो. देठातूनच ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या जातात. त्या तुटल्या किंवा सुजेने दबल्या की ग्रंथीचा काही भाग सुकतो. मुकादमच आजारी पडला तर मजूर कितीही धडधाकट असोत, काम बंद पडणारच.

ही काही नवी माहिती नाही. कवटीच्या तळाला मार लागून ही ग्रंथी निकामी झाल्याची नोंद जर्मनीत १९१८ सालीच झाली होती. पण पुढे कित्येक वर्षे हा विरळा प्रकार समजला गेला. २००७ साली निरनिराळ्या अभ्यासांतील हजाराहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा मारानंतर काही महिन्यांनी चारांतल्या एकापेक्षा थोड्या जास्त रुग्णांत या ग्रंथीचे एखादे तरी काम मंदावलेले आढळले. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी-अधिक झाला. तरी दुर्लक्ष करावे इतका तो लहान नाही.

आपल्या भागातल्या लोकांना हाच बिघाड आणखी दोन वाटांनी भेटतो. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झालेल्या बाईला पुढे दूध येत नाही, पाळी परतत नाही, ती कायम थकलेली राहते. ब्रिटिश डॉक्टर शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. दुसरी वाट शेतातली. घोणस चावून वाचलेल्या काहींची हीच ग्रंथी निकामी होते, हे म्यानमारमधील रुग्णांवरून १९८० च्या दशकात स्पष्ट झाले आणि भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी आणि मोटारसायकलवरून पडलेला तरुण यांचे दुखणे एकच असू शकते, आणि तिघांच्याही वाट्याला ‘अंगात आळस भरला’ हाच शेरा येतो.

काय पाहावे, काय विचारावे

मग घरच्यांनी काय पाहावे? मारानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही न हटणारा थकवा. थंडी सहन न होणे. भूक मंदावणे, वजन घटणे किंवा विनाकारण वाढणे. उभे राहताना चक्कर. पुरुषात दाढी विरळ होणे, इच्छा उरत नाही म्हणून नवरा-बायकोत आलेला दुरावा. स्त्रीची पाळी बंद होणे. लहान मुलाची उंची थांबणे, वयात येण्यास उशीर. रात्रंदिवस सारखी तहान आणि घागरीने लघवी. त्यांतली काही लक्षणे मेंदूच्या इजेचीच असू शकतात, काही खचलेल्या मनाची. नुसत्या नजरेने हा निवाडा होत नाही. म्हणूनच रक्त तपासावे लागते.

ही तपासणी पहिल्या दिवसांतली वेगळी आणि नंतरची वेगळी. रुग्णालयात असतानाच रक्तातले सोडियम घसरत असेल, रक्तदाब सावरत नसेल, तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाची कमतरता जिवावर बेतू शकते. डॉक्टर तेव्हाच ती भरून काढतात. इथे एक खुलासा हवा. वर सांगितलेले मोठ्या मात्रेचे स्टिरॉईड आणि हे कॉर्टिसॉल एकाच घराण्यातले खरे, पण दोन्हींत पुराचे पाणी आणि पाटाचे पाणी एवढा फरक आहे. ते मेंदूची सूज उतरवण्यासाठी ओतलेले होते. हे शरीराला रोज लागते तेवढेच, जे कमी पडले तेवढे भरून देणारे आहे.

घरी आल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने ही तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. सुरुवातीचा बिघाड काहींत आपोआप सुधारतो, काहींत नंतर उघड होतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराचे कॉर्टिसॉल, थायरॉईडची तपासणी, पुरुषाचे सकाळचे टेस्टोस्टेरॉन, सोडियम, एवढ्याने सुरुवात होते. थायरॉईडची तपासणी करताना एक पेच आहे. आपल्याकडे बहुधा फक्त टी.एस.एच. पाहिले जाते. पण टी.एस.एच. हा मुकादमाचा हुकूम. मुकादमच आजारी असताना तो आकडा फसवा असतो, ‘नॉर्मल’ही येतो. म्हणून त्याच्या जोडीला फ्री टी-फोर पाहायला हवे.

उपचार तुलनेने साधे आहेत. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, थायरॉईडसाठी थायरॉक्सिन, पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉन, अति लघवीसाठी डेस्मोप्रेसिन. यांत क्रम महत्त्वाचा. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी ते भरायचे आणि मगच थायरॉक्सिन सुरू करायचे. उलट केले तर रुग्ण एकाएकी कोसळू शकतो. हायड्रोकॉर्टिसोन मनाने कधीही बंद करायचे नाही. ताप, जुलाब, शस्त्रक्रिया अशा वेळी त्याची मात्रा वाढवावी लागते. खिशात ‘मी ही गोळी घेतो’ असे लिहिलेला कागद ठेवावा. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनेही असतात. ती महाग आहेत. लहान अभ्यासांत त्यांनी स्मरणशक्ती, उत्साह यांत थोडा फायदा दाखवला आहे, पण ती सरसकट प्रत्येकाने घ्यावीत असे म्हणण्याइतका पुरावा नाही. या गोळ्यांनी मेंदूची जखम भरत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवे. पण ग्रंथीच्या बिघाडाने माणसावर चढलेली साय त्या दूर करतात आणि मग व्यायाम, बोलण्याचा सराव, घरच्यांची माया यांना फळ येते.

पहिला तास आणि पहिले वर्ष

पहिल्या रात्री जादूचे औषध नाही म्हटले, म्हणजे काहीच नाही असे नव्हे. लंडनच्या त्याच संशोधकांनी १२ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेली आणखी एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे साधे औषध, संप्रेरक नव्हे. सौम्य ते मध्यम मारात ते तीन तासांच्या आत दिले तर काही जीव वाचतात, असे तिने दाखवले. तीन तासांच्या आत! म्हणजे इथे किंमत औषधाची नाही, वेळेची आहे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचे झंझट मागे लागेल, ही भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. आणि हेल्मेट? २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या सुमारे पन्नास हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. मेंदूसाठी आजवर निघालेल्या कोणत्याही इंजेक्शनापेक्षा ते गुणकारी आहे. ट्रॉलीच्या मागे लावलेला लाल परावर्तक कागदही तसाच.

पहिला तास असा धावपळीचा. पहिले वर्ष मात्र धीराचे असते आणि तिथेच आपण कमी पडतो. रुग्णालयातून सुटीचा कागद मिळाला की आजार संपला असे आपण धरून चालतो. तो कागद देव्हाऱ्यामागे जातो आणि पुढचे सारे दोष त्या माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडले जातात. म्हणून एवढे करावे. आपल्या घरात, भावकीत, शेजारी असा कोणी ओट्यावर बसलेला असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी आणि देवऋषाकडे नेण्याआधी सुटीचा तो जुना कागद शोधून काढावा. तो घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा, ‘याच्या पिट्यूटरीची तपासणी झाली आहे का?’

तपासणीत काही निघणार नाही, असेही होईल. मग निदान त्याची पीडा मेंदूच्या जखमेची आहे, स्वभावाची नाही, हे तरी घराला कळेल. आणि काही निघालेच, तर रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यायच्या एक-दोन गोळ्यांनी तो पुन्हा एकदा उठून चप्पल पायात सरकवेल आणि शेताकडे निघेल. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला मग कुणी काही सांगायची गरज पडणार नाही.